अमेरिकेतल्या फेडरल कोर्टाची बातमी कशी वाचावी

‘अमेरिकी कोर्टाचा दणका’ अशी बातमी मोबाइलवर येऊन धडकली की एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वाल्यांच्या घरात प्रश्न एकच असतो: आता आपलं काय? मथळ्यात त्याचं उत्तर सहसा नसतं. ते तीन गोष्टींत असतं: हुकूम कोणत्या कोर्टाचा आहे, खटला कोणत्या टप्प्यावर आहे आणि कोर्टाने नेमकं केलं काय. एवढं ओळखायला वकील असावं लागत नाही, वीस-पंचवीस शब्द पक्के असले की भागतं.

ते शब्द नुसते यादीत मांडले तर लक्षात राहत नाहीत. म्हणून इथे एकच खरा खटला धरून चालू. आपल्या लोकांत तो ‘एच-४ ईएडीची केस’ म्हणून ओळखला जातो; ईएडी म्हणजे काम करण्याची परवानगी. कागदोपत्री नाव ‘सेव्ह जॉब्ज यूएसए विरुद्ध डिपार्टमेंट ऑफ होमलँड सिक्युरिटी’. एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेली ही केस ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली आणि वाटेत फेडरल कोर्टाची जवळजवळ सगळी परिभाषा तिने वापरून घेतली.

पायरी १: कोर्ट कोणाचं आहे ते बघा

आपल्याकडे कायदा केंद्राचा असो की राज्याचा, खटला चढतो त्याच उतरंडीने: खालचं कोर्ट, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय. अमेरिकेत अशा दोन उतरंडी शेजारीशेजारी चालतात. प्रत्येक राज्याची आपली कोर्टं असतात, ती स्टेट कोर्ट. आणि केंद्राची वेगळी, ती फेडरल कोर्ट. घटस्फोट, मुलांचा ताबा, घरमालकाशी भांडण, गाडी जोरात चालवल्याचं तिकीट, बहुतेक खून-मारामाऱ्या हे सगळं स्टेट कोर्टात जातं.

फेडरल कोर्टात शिरायला अधिकारक्षेत्र लागतं, इथला शब्द ज्युरिस्डिक्शन. मुख्य दरवाजे दोन. वाद केंद्राच्या कायद्यावरून किंवा राज्यघटनेवरून असेल तर त्याला ‘फेडरल क्वेश्चन’ म्हणतात. वादी आणि प्रतिवादी वेगवेगळ्या राज्यांचे नागरिक असतील आणि दाव्याची रक्कम ७५,००० डॉलरच्या वर असेल तर ती ‘डायव्हर्सिटी’. व्हिसा, नागरिकत्व, पेटंट, केंद्र सरकारच्या खात्याविरुद्धची तक्रार हे सगळं पहिल्या दरवाजाने येतं, म्हणून आपल्या कामाच्या बातम्या बहुतेक फेडरल कोर्टाच्याच असतात.

नावांवर मात्र विसंबू नका. न्यूयॉर्क राज्यात ‘सुप्रीम कोर्ट’ हे खटले चालवणारं खालचं कोर्ट आहे आणि तिथलं सर्वांत वरचं कोर्ट ‘कोर्ट ऑफ अपील्स’. ‘न्यूयॉर्क सुप्रीम कोर्टाचा निकाल’ वाचून वॉशिंग्टनच्या नऊ न्यायमूर्तींची कल्पना करणारे पुष्कळ भेटतात.

दुसरा मोठा घोटाळा इमिग्रेशन कोर्टाचा. ते नावाला कोर्ट असलं तरी न्यायव्यवस्थेचा भाग नाही, न्याय खात्याच्या अखत्यारीत येतं. तिथल्या न्यायाधीशांची नेमणूक अ‍ॅटर्नी जनरल करतात आणि तिथलं अपील ‘बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्स’कडे जातं, तेही त्याच खात्याचं. त्याच्यापुढे गेलं की खरं फेडरल कोर्ट लागतं, आणि ते थेट सर्किट कोर्ट. त्यासाठी मुदत ३० दिवसांची.

पायरी २: वरचं की खालचं

फेडरल कोर्टाचे स्तर तीन. सर्वांत खाली डिस्ट्रिक्ट कोर्टं, देशभरात ९४. कॅलिफोर्निया, टेक्सास आणि न्यूयॉर्कमध्ये प्रत्येकी चार आहेत; न्यू जर्सीत अख्ख्या राज्याला एकच, पण ते नेवार्क, ट्रेंटन आणि कॅम्डेन अशा तीन ठिकाणी बसतं. आपल्या जिल्हा न्यायालयाशी याची तुलना करू नका. डिस्ट्रिक्ट जज राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देते आणि नेमणूक तहहयात असते; निवृत्तीचं सक्तीचं वय नाही. त्याच कोर्टात मॅजिस्ट्रेट जजही असतात. त्यांची मुदत आठ वर्षांची आणि खटल्याची बरीच पूर्वतयारी तेच बघतात.

त्यावर ‘कोर्ट ऑफ अपील्स’, म्हणजे बोलीत सर्किट कोर्ट. ही एकूण १३: क्रमांकाची ११, राजधानीचं डीसी सर्किट आणि पेटंटसारखे विषय बघणारं फेडरल सर्किट. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया तिसऱ्या सर्किटमध्ये, टेक्सास पाचव्यात, कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्य नवव्यात. आपलं सर्किट कोणतं हे एकदा पाठ करून ठेवा. कारण एका सर्किटचा निकाल त्याच्या हद्दीतल्या डिस्ट्रिक्ट कोर्टांवर बंधनकारक असतो, बाहेर नाही. टेक्सासमध्ये राहणाऱ्याला नवव्या सर्किटचा निकाल दाखवून धीर देण्यात फारसा अर्थ नाही. दोन सर्किटांनी एकाच प्रश्नावर उलटसुलट निकाल दिले तर ते ‘सर्किट स्प्लिट’, आणि सुप्रीम कोर्ट लक्ष घालण्याचं ते एक नेहमीचं कारण.

सर्किटमध्ये अपील ऐकतं तीन न्यायाधीशांचं पॅनेल. क्वचित सर्किटचे न्यायाधीश एकत्र बसून फेरसुनावणी करतात, तिला ‘एन बाँक’ म्हणतात. सगळ्यांत वर सुप्रीम कोर्ट. तिथे १८६९ पासून नऊ न्यायमूर्ती आहेत.

पायरी ३: केस नंबर फोडून वाचा

आपल्या खटल्याचा डिस्ट्रिक्ट कोर्टातला नंबर आहे १:१५-सीव्ही-००६१५-टीएससी. पहिला आकडा कोर्टाच्या कार्यालयाचा, १५ म्हणजे दाखल झाल्याचं साल २०१५, सीव्ही म्हणजे दिवाणी आणि ००६१५ हा त्या सालातला अनुक्रमांक. शेवटची टीएससी ही न्यायाधीशांची आद्याक्षरं, इथे तान्या चटकन. सीव्हीच्या जागी सीआर दिसलं तर मामला फौजदारी.

बातमीत नंबर दिला असेल तर कोर्ट आणि केस किती जुनी आहे हे वाचण्याआधीच कळतं. दिलाच नसेल, तर ती बातमी थोडी हात राखून वाचावी.

पायरी ४: खटला कुठवर आलाय

हा भाग नीट बघू, कारण बहुतेक घबराट इथे होते.

एच-१बी धारकाचं ग्रीन कार्ड प्रक्रियेत ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलं असेल तर त्याच्या एच-४ वरच्या जोडीदाराला काम करता यावं, असा नियम होमलँड सिक्युरिटी खात्याने फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर केला. लागू होणार होता २६ मे पासून. त्याआधीच सेव्ह जॉब्ज यूएसए या संघटनेने वॉशिंग्टनच्या डिस्ट्रिक्ट कोर्टात दावा लावला. सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीत आयटीचं काम करणाऱ्या आणि आपल्या जागी एच-१बी वाले आणले गेले असं म्हणणाऱ्या लोकांची ही संघटना. दावा सुरू होतो त्या कागदाला ‘कम्प्लेंट’ म्हणतात. संघटना झाली ‘प्लेंटिफ’ म्हणजे वादी, खातं ‘डिफेंडंट’ म्हणजे प्रतिवादी. प्रतिवादीचं उत्तर, आपल्याकडची कैफियत, ती ‘आन्सर’. त्याऐवजी ‘हा दावा मुळात उभाच राहू शकत नाही’ असा अर्ज करता येतो, तो ‘मोशन टू डिसमिस’.

संघटनेने लगेच मागितला ‘प्रिलिमिनरी इंजंक्शन’, म्हणजे खटला संपेपर्यंतचा अंतरिम मनाई हुकूम. तो मिळायला चार गोष्टी दाखवाव्या लागतात: खटला जिंकण्याची शक्यता, भरून न येणारं नुकसान, दोन्ही बाजूंच्या गैरसोयीचा तोल आणि लोकहित. भरून न येणारं नुकसान दिसत नाही म्हणून न्यायाधीशांनी मे २०१५ मध्ये अर्ज फेटाळला आणि नियम ठरल्या दिवशी लागू झाला. याहून तातडीचा हुकूम म्हणजे ‘टीआरओ’. दुसऱ्या बाजूला न ऐकताही तो निघू शकतो. अशा हुकुमाची मुदत १४ दिवसांची, सबळ कारण असेल तर तेवढीच आणखी वाढते. ‘जजने नियम रोखला’ असं वाचलं की पहिलं हे बघा: टीआरओ, इंजंक्शन की अंतिम निकाल? टीआरओवर पेढे वाटू नयेत आणि बॅगाही भरू नयेत.

सप्टेंबर २०१६ मध्ये संघटना हरली. नियम योग्य की अयोग्य हा प्रश्न तेव्हा निकालात आलाच नाही. संघटनेला ‘स्टँडिंग’ नाही एवढंच कोर्टाने म्हटलं. स्टँडिंग म्हणजे दावा लावण्याचा हक्क. माझं स्वतःचं ठोस नुकसान झालंय किंवा होणार आहे, ते प्रतिवादीमुळे आहे आणि कोर्टाच्या हुकुमाने ते दूर होईल, हे तीन दुवे जोडावे लागतात. आपल्याकडच्या जनहित याचिकेची सवय असलेल्या माणसाला हे खटकतं. तिथे कोणीही सजग नागरिक उभा राहू शकतो. इथल्या फेडरल कोर्टात ‘हे चुकीचं चाललंय’ एवढ्यावर कोणी दारात उभं करत नाही.

मग अपील. अपील करणारा ‘अपेलंट’, समोरचा ‘अपेली’. मुदत साधारण ३० दिवस, केंद्र सरकार पक्षकार असेल तर ६०. अपिलात साक्षीपुरावा नव्याने होत नाही, खालच्या कोर्टातल्या कागदांवर युक्तिवाद होतो. लेखी युक्तिवादाला म्हणतात ‘ब्रीफ’, आणि ते ब्रीफ पन्नास पानांचंही असू शकतं. या टप्प्यावर एच-४ वर काम करणाऱ्या दोघांना आणि एका स्थलांतरितांच्या संघटनेला ‘इंटरव्हीनर’ म्हणून खटल्यात घेतलं गेलं, म्हणजे हस्तक्षेप करून ते पक्षकार झाले. पुढे गूगलसह बड्या टेक कंपन्यांनी ‘अमिकस ब्रीफ’ दिलं. अमिकस पक्षकार नसतो, कोर्टापुढे आपलं म्हणणं मांडणारा त्रयस्थ असतो. ‘अमुक कंपनी खटल्यात उतरली’ असं छापून येतं तेव्हा बहुधा एवढंच घडलेलं असतं.

नोव्हेंबर २०१९ मध्ये डीसी सर्किटने संघटनेच्या बाजूने निकाल दिला. मथळा एवढाच वाचला तर पोटात गोळा यावा. प्रत्यक्षात कोर्टाने म्हटलं ते असं: या नियमामुळे काही एच-१बी वाले अमेरिकेत टिकून राहतील आणि वादींना स्पर्धा वाढेल, तेव्हा त्यांना स्टँडिंग आहे. नियमाच्या वैधतेवर निकाल न देता केस ‘रिमांड’ केली, म्हणजे परत खाली पाठवली. एच-४ वाल्यांची कामाची परवानगी त्या दिवशी होती तशीच राहिली.

मार्च २०२३ मध्ये डिस्ट्रिक्ट कोर्टाने खात्याच्या बाजूने ‘समरी जजमेंट’ दिलं. घडलेल्या गोष्टींबद्दल खरा वाद नाही, प्रश्न फक्त कायद्याचा आहे, तेव्हा साक्षीदार तपासायची गरज नाही, असा हा निकाल. सरकारी नियमांवरचे खटले बहुतेक याच वाटेने संपतात, सिनेमातल्यासारखी उलटतपासणी त्यांत नसते.

पुन्हा अपील. दरम्यान जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ‘लोपर ब्राइट’ खटल्यात १९८४ चा ‘शेव्हरॉन’ निकाल मोडीत काढला. शेव्हरॉन म्हणजे, कायदा संदिग्ध असेल तर सरकारी खात्याने लावलेला वाजवी अर्थ कोर्टाने मान्य करायचा. ते संपलं म्हणजे एच-४ ईएडीही संपणार, असं भाकीत तेव्हा बऱ्याच जणांनी केलं. पण ऑगस्ट २०२४ मध्ये डीसी सर्किटने खालच्या कोर्टाचा निकाल कायम केला. विद्यार्थ्यांच्या ओपीटीबद्दलचा (शिक्षणाला जोडून काही काळ काम करण्याची मुभा) २०२२ चा ‘वॉशटेक’ निकाल हा त्यांच्यावर बंधनकारक पूर्वनिर्णय, म्हणजे ‘प्रिसिडेंट’ होता, आणि तो शेव्हरॉनवर उभा नव्हता. निकालपत्र लिहिलं न्यायाधीश जस्टिन वॉकर यांनी, ज्यांची तिथली नेमणूक ट्रम्प यांनी केली होती. जज कोणी नेमला यावरून निकाल आधीच सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

शेवटी संघटना सुप्रीम कोर्टात गेली. तिथे जायचा अर्ज म्हणजे ‘सर्शिओरारी’ची पिटिशन, बोलताना नुसतं ‘सर्ट’. नऊपैकी चार न्यायमूर्तींना वाटलं तरच केस घेतात. दरवर्षी हजारो अर्ज येतात, त्यांतले साधारण साठ-सत्तर पूर्ण सुनावणीला लागतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्ट नाकारलं गेलं आणि केस संपली. ‘सुप्रीम कोर्टाने एच-४ ईएडीवर शिक्कामोर्तब केलं’ असं तेव्हा सांगितलं गेलं ते बरोबर नाही. सर्ट नाकारणं म्हणजे खालचा निकाल राहू देणं. तो बरोबर आहे असं सुप्रीम कोर्टाने म्हटलेलं नसतं. खातं उद्या रीतसर प्रक्रिया करून हा नियम बदलायला घेऊ शकतं.

साडेदहा वर्षांच्या या खटल्यात एकदाही कोणत्या कोर्टाने नियम थांबवला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तो कितीदा थांबला याची मोजदाद नाही.

पायरी ५: कोर्टाने नेमकं केलं काय

निकालपत्राच्या शेवटच्या परिच्छेदात एखाद-दोन क्रियापदं असतात, तेवढी शोधा. ‘अफर्म’ म्हणजे खालचा निकाल कायम. ‘रिव्हर्स’ म्हणजे फिरवला. ‘व्हेकेट’ म्हणजे रद्दबातल केला, बहुधा जोडीला रिमांड. ‘डिसमिस’ म्हणजे दावा काढून टाकला. त्यातही ‘विदाउट प्रेज्युडिस’ असेल तर तोच दावा पुन्हा आणता येतो, ‘विथ प्रेज्युडिस’ असेल तर नाही. ‘स्टे’ म्हणजे स्थगिती, आणि स्थगिती हुकुमालाही मिळते, त्यामुळे ‘स्टे’ वाचून कोण खूश व्हायचं ते कशाला स्टे मिळाला त्यावर ठरतं. ‘मूट’ म्हणजे आता वादच उरला नाही. बहुमताचं निकालपत्र म्हणजे ‘ओपिनियन ऑफ द कोर्ट’, ‘कन्करन्स’ म्हणजे निकाल मान्य पण कारणं वेगळी किंवा जादा, ‘डिसेंट’ म्हणजे विरोधी मत. डिसेंट वाचायला बहुधा जास्त चटकदार असतं, पण बंधनकारक मुळीच नसतं.

हुकूम कोणाला लागू, हेही बघा. एका डिस्ट्रिक्ट जजने देशभरातल्या सगळ्यांसाठी सरकारला अडवणं म्हणजे ‘युनिव्हर्सल इंजंक्शन’. जन्माने मिळणारं नागरिकत्व मर्यादित करणाऱ्या ट्रम्प यांच्या आदेशावरून झालेल्या ‘ट्रम्प विरुद्ध कासा’ खटल्यात सुप्रीम कोर्टाने जून २०२५ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी म्हटलं, की असा हुकूम बहुधा कोर्टांच्या अधिकाराबाहेर आहे. दिलासा वादींपुरता. सगळ्यांसाठी हवा असेल तर ‘क्लास अ‍ॅक्शन’, म्हणजे एका गटाच्या वतीने दावा, ही वाट उरते. तो आदेश घटनेत बसतो का, हा प्रश्न त्या निकालाने सोडवला नव्हता. अनेक भारतीय घरांत मात्र त्या दिवशी ‘आता बाळाला पासपोर्ट नाही’ अशीच समजूत झाली.

पायरी ६: मूळ कागद उघडा

खटल्यात दाखल होणाऱ्या प्रत्येक कागदाची नोंद तारखेनुसार होते, ती ‘डॉकेट’. फेडरल कोर्टांची डॉकेट ‘पेसर’ या सरकारी संकेतस्थळावर खातं काढून बघता येते. पानाला दहा सेंट, बहुतेक दस्तऐवजांना कमाल तीन डॉलर, आणि तिमाहीचं बिल तीस डॉलर किंवा त्याहून कमी झालं तर माफ. शोधाच्या निकालांचेही पैसे लागतात, तेव्हा नाव घालून हवेत बाण मारत बसू नका, केस नंबर टाका. निकालपत्रं फुकट असतात. ‘कोर्टलिसनर’वर इतरांनी आधी उघडलेले पुष्कळ कागद विनामूल्य सापडतात, सुरुवात तिथून करणं शहाणपणाचं.

पायरी ७: कागद तुमच्याच दारात आला तर

‘समन्स’ आणि सोबत कम्प्लेंट आली म्हणजे तुमच्यावर दावा झाला आहे. कागदाच्या माथ्यावर ‘युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट’ असेल तर उत्तराला साधारण २१ दिवस. स्टेट कोर्टाचं असेल तर मुदत वेगळी, ती समन्सवरच वाचा. गप्प बसलात तर ‘डिफॉल्ट जजमेंट’, म्हणजे एकतर्फी निकाल. ‘सपीना’ आली तर तुम्ही पक्षकार असालच असं नाही. साक्ष किंवा कागदपत्रं मागितली आहेत. वकील न लावता स्वतः लढणाऱ्याला ‘प्रो से’ म्हणतात. मुभा आहे, पण मुदती सगळ्यांना सारख्याच.

फौजदारीत ‘इंडाइटमेंट’ म्हणजे ग्रँड ज्यूरीने (खटला भरण्याइतका पुरावा आहे का ते बघणारा नागरिकांचा गट) आरोप ठेवले, गुन्हा सिद्ध झालेला नाही. खटला चालला तर ज्यूरीच्या बाराही जणांचं एकमत लागतं. मुंबईच्या नानावटी खटल्यातला आठ विरुद्ध एक असा कौल इथे चाललाच नसता. बहुतेक केसेस मात्र तिथवर जातच नाहीत, गुन्हा कबूल करून तडजोड होते, ती ‘प्ली’. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर प्लीवर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवाच. कबुलीमुळे देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका असेल तर तो अशिलाला सांगणं हे फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०१० च्या ‘पडिया विरुद्ध केंटकी’ खटल्यात ठरवलं आहे.

ज्यूरीची प्रश्नावली नागरिक नसलेल्यांनाही येते, कारण अनेक ठिकाणी नावं वाहन परवान्यांच्या यादीतूनही घेतात. फेकून देऊ नका. नागरिक नसल्याच्या रकान्यात खूण करा, सही करा, परत पाठवा. चुकूनही ‘नागरिक आहे’ अशी खूण करू नका. नागरिकत्वाचा खोटा दावा पुढे ग्रीन कार्डच्या आड येतो. आणि ‘ज्यूरीला आला नाहीत, दंड भरा’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. फोनवर पैसे मागणारा माणूस कोर्टाचा नसतो.

राहिला ‘मँडेमस’. अर्ज वर्षानुवर्षं धूळ खात पडला की लोक डिस्ट्रिक्ट कोर्टात जाऊन खात्याने निर्णय द्यावा असा हुकूम मागतात. कोर्टाची फी ४०५ डॉलर, वकिलाची वेगळी. सरकारला उत्तराला ६० दिवस मिळतात. कधीकधी त्या मुदतीतच अर्ज हलतो आणि दावा मूट होतो. पण कोर्ट फार तर ‘निर्णय द्या’ म्हणतं, ‘मंजूर करा’ म्हणत नाही. आणि ग्रीन कार्डच्या रांगेत तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, लागलेली नसेल तर मँडेमसने ती पुढे सरकत नाही. तसं आश्वासन देणाऱ्या वकिलाकडे पैसे भरू नका.